मेगावॅट

घर बघायला आलेल्या पाहुण्यांत एक मामा असतातच आणि प्रश्न विचारायचं कंत्राट त्यांच्याकडे असतं. मंगळवेढ्याच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, मिशीला लागलेलं खोबरं पुसलं आणि मुलाला विचारलं, “पाव्हणं, काम काय करता?”

मुलानं एका दमात सांगितलं, “समुद्रावरचा वारा, लाटा आणि भरती-ओहोटी यांच्यापासून वीज काढायचं जे संशोधन चाललंय, त्याचा समन्वय.”

“म्हंजी लाईटीच्या खात्यात?”

“नाही.”

“मग जहाजावर?”

“नाही, पुण्यात. तिसऱ्या मजल्यावर.”

“बरं. मग वीज तयार करता का?”

“मी नाही करत. जे करणार आहेत, त्यांना एका टेबलाशी बसवतो.”

“आन् ते बसल्यावर?”

“पुढच्या बैठकीची तारीख ठरते.”

मामांनी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, तो बंद होता. “पगार?” त्यांनी शेवटचं विचारलं.

“एक तारखेला.”

लग्न जमलं.

आमच्या गावात, करकंबला, या मुलाचं खरं नाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलंय. गाव त्याला मेगावॅट म्हणतं. त्याला कारण आहे. आमच्याकडे विजेची भाषा एचपीत चालते. तीन, पाच, साडेसात. दहाची मोटार ज्याच्या विहिरीवर आहे, त्याला लोक जरा वाट देतात. अशा गावात हा स्टँडवरच्या हॉटेलात बसून पहिल्यांदा मेगावॅटमध्ये बोलला, तेव्हा तात्यांनी कागद-पेन्सिल मागवली आणि एका मेगावॅटमध्ये पाचाच्या किती मोटारी चालतील याचा हिशेब करायला लावला. अडीचशेच्या वर आकडा गेल्यावर हॉटेलवाल्यानं न मागता त्याला चहा दिला. त्या दिवसापासून नाव पडलं. चहा मात्र पुन्हा कधी फुकट मिळाला नाही.

त्याच्या आईला कुणी विचारलं, की ती सांगते, “ल्योक समिंदरावर हाय.” त्यामुळे पहिली काही वर्षं गावाची समजूत होती, की तो नेव्हीत आहे. सुट्टीवर येताना कँटीनची बाटली आणत नाही, फक्त जाड जाड अहवाल आणतो, हे ध्यानात आल्यावर समजूत गेली आणि थोडी इज्जतही.

समुद्र म्हणाल तर आमच्यापासून कुठल्याही अंगानं लांब. त्यातल्या त्यात कोकणचा जवळ. पण पाण्याचा हिशेब उलटा आहे. करकंबच्या शिवारात पडलेला पाऊस, पडला तर, ओढ्यानं भीमेत जातो, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. परिषदेत स्वतःची ओळख करून देताना मेगावॅट हे आवर्जून सांगतो, “मी बंगालच्या उपसागराच्या पाणलोटातला आहे.” ऐकणाऱ्याला वाटतं, विशाखापट्टणमचा असेल. जेवणाच्या वेळी त्याच्यापुढे मासे येतात आणि मग कळतं, की माळकरी आहे.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला हा माणूस समुद्र दिसला, की आधी कठडा शोधतो. आयुष्यात होडीत बसला तो चंद्रभागेत, तेही पुंडलिकापर्यंत. लाट त्याला ठाऊक आहे ती संगणकाच्या पडद्यावरची, डावीकडून उजवीकडे जाणारी, निळी, खाली मीटर आणि सेकंद लिहिलेली. खरी लाट पायाला लागली तेव्हा त्यानं बूट हातात घेतले आणि तीन पावलं मागे येऊन म्हणाला, “हिची उंची साधारण पाऊण मीटर असेल.” बरोबर होती, असं नंतर मच्छीमारांनी सांगितलं. म्हणजे माणूस बिनमाहितीचा नाही. फक्त कोरडा आहे.

घरात त्याच्या कामाचा दिसणारा पुरावा एकच: गळ्यात घालायच्या ओळखपत्रांच्या पट्ट्या. निळ्या, हिरव्या, केशरी. चेन्नईच्या, दिल्लीच्या, गोव्याच्या. गोठ्याच्या खुंटीला त्यांचा झुबकाच लटकलेला असतो. एकदा दावं तुटलं म्हणून आईनं त्यातली एक धट्टीकट्टी पट्टी काढून रेडकाला बांधली. लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी रेडकाच्या गळ्यातलं कार्ड उलटं करून वाचलं: डेलिगेट. “कुठल्या परिषदेला चाललंय?” त्यांनी विचारलं. मेगावॅटला हसू आलं नाही. त्याला त्या परिषदेत पट्टी मिळवायला नोंदणी शुल्क माफ करून घ्यावं लागलं होतं.

त्याच्या बोलण्यात हाक मारल्यासारखा पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे टीआरएल. तंत्र किती तयार झालंय ते मोजायची ही पट्टी, एकपासून नऊपर्यंत. मूळ नासाची. एक म्हणजे नुसतं मूळ तत्त्व ध्यानात आलं, चार म्हणजे प्रयोगशाळेत जमलं, नऊ म्हणजे खऱ्या कामाच्या जागी चाललं आणि चालत राहिलं. ही पट्टी त्यानं ऑफिसात ठेवली असती तर बरं झालं असतं. त्यानं ती घरी आणली. मेहुणीचं लग्न, “टीआरएल चार. बोलणी झालीत, देण्याघेण्याच्या वातावरणात चाचणी बाकी.” थोरल्याची दहावी, “सहा. सराव परीक्षेत सिद्ध, बोर्डाच्या पेपरात टिकाव लागायचा आहे.” बायकोची पुरणपोळी नऊ. हे त्यानं लग्नानंतर पहिल्याच होळीला जाहीर केलं होतं. हुशार माणूस. तिनं एकदाच विचारलं, “आणि तुमच्या लाटेचं किती?” तो उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेला.

पण स्टँडवरच्या हॉटेलात तो गच्चीवर जाऊ शकत नाही. तिथं तात्या असतात. तात्यांच्या द्राक्षबागेला औषधं मारून मारून त्यांना दर गोष्टीत रोग दिसतो आणि दुरुस्तही तेच करतात. मेगावॅट सुट्टीला आला, की तात्या समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवतात, “बस. कुठवर आला तुझा समिंदर?”

मग व्याख्यान सुरू होतं. आणि खरं सांगायचं तर ते वाईट नसतं.

वाऱ्याच्या यंत्राचं एकदाचं ठरलंय, तो सांगतो. एक खांब, तीन पाती, तोंड वाऱ्याकडं. डेन्मार्कनं १९९१ साली विंडेबीला समुद्रात अशा ११ पवनचक्क्या उभ्या केल्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. पंचवीस वर्षं चालवल्या आणि २०१७ साली म्हातारं झाड काढावं तशा काढल्या. त्याच २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात तरंगत्या पवनचक्क्यांचं ३० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. बुडाला साखळदंड, खाली पाणी. भरतीचंही जमलंय. फ्रान्समध्ये ला राँस नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॅटचं केंद्र चालू आहे. उजनीत पाणी अडायच्या कितीतरी आधीपासून.

“आन् लाटेचं?” तात्यांची सुई तिथंच टोचते.

लाटेचं अजून ठरायचंय. एडिंबऱ्यात स्टीफन सॉल्टर नावाच्या प्राध्यापकांनी १९७४ साली लाटेवर डुलणारं बदक काढलं. लांबुळक्या लाल सापासारखं पेलामिस २००८ साली पोर्तुगालच्या समुद्रात सोडलं, तीन साप होते, काही महिन्यांत किनाऱ्यावर परत. कुणी तबकडी तरंगवतं, कुणी फळी हलवतं, कुणी लाट टाकीत चढवून खाली सोडतं. आपल्याकडे केरळात विळिंजमला १९९१ साली आयआयटी मद्रासच्या मंडळींनी काँक्रीटची खोली बांधली. लाट खालून आत शिरते, खोलीतली हवा वर ढकलते, हवा चक्की फिरवते. लाट मागे गेली, की हवा उलटी आत येते. पण चक्की अशी, की हवा आत जावो का बाहेर येवो, ती फिरते एकाच बाजूला.

इथं तात्या पहिल्यांदा कप खाली ठेवतात. “जाताना बी फिरती आन् येताना बी?”

“हो.”

“हे डोकं लई भारी.” मग लगेच, “किती मोटारी चालत्यात?”

“१५० किलोवॅटची होती.”

“होती?”

मेगावॅट गप्प बसतो. हॉटेलातली गॅसची शेगडी तेवढी बोलत राहते.

पण ती खरी गंमत नव्हे. गंमत झाली ती त्यानं ‘सिंधुजा’ची बातमी आणली तेव्हा. २०२२ साली आयआयटी मद्रासनंच तुतीकोरिनपासून सहा किलोमीटर आत, २० मीटर पाण्यात लाटेवर चालणारं यंत्र उतरवलं. त्यानं वीज दिली. किती? १०० वॅट. मेगावॅटनं आकडा सांगितला आणि अख्खं हॉटेल हसायला लागलं. कुणी म्हणालं, सहा किलोमीटर पोहत जाऊन बल्ब लावायचा. कुणी म्हणालं, आता ह्याचं नाव बदला, मिलिवॅट करा. तो बिचारा सांगत होता, की आकड्याकडं बघू नका, ते चाचणीचं यंत्र आहे, पुढचं लक्ष्य मोठं आहे. ऐकतंय कोण.

हसले नाहीत ते फक्त तात्या. त्यांनी विचारलं, “खाऱ्या पाण्यात लोखंड टिकलं का?”

बोअरचे गंजलेले पाइप वर्षानुवर्षं उपसलेल्या माणसाचा हा प्रश्न. देशविदेशच्या परिषदांत फिरून मेगावॅटला जे उमगलंय, ते या एका ओळीत होतं. तो उजळला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “तात्या, तेच! काय टिकलं आन् काय मोडलं, हे कुणी कुणाला सांगतच नाही. माझं काम तेवढंच आहे.”

त्या संध्याकाळी मला त्याच्या नोकरीचा अर्थ लागला. लाटेच्या यंत्राला समुद्र नेहमीसारखा असताना वीज काढायची असते आणि वादळात स्वतःला वाचवायचं असतं. ज्या लाटेवर पोट, तिच्याच मोठ्या बहिणीकडून मार. कुणाची वेल्डिंग सुटते, कुणाची केबल घासून तुटते, कुणाच्या सांध्यात कालवं बसतात. प्रत्येक कंपनी हे स्वतःच्या खर्चानं शिकते आणि झाकून ठेवते, कारण मोडल्याचं कळलं तर पैसेवाला पळतो. मग कंपनी बुडते आणि तिच्याबरोबर ते शहाणपणही. पुढचा येतो, तोच सांधा तसाच करतो, तसाच मोडून घेतो. पेलामिसची कंपनी २०१४ साली बुडाली, तेव्हा स्कॉटलंडच्या सरकारनं ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ नावाची संस्था काढून त्या सापाचं सगळं ज्ञान विकत घेतलं. साप नको, सापाची कात हवी, इतकं शहाणपण सरकारला सुचलेलं मी तरी क्वचित पाहिलंय.

आमच्या द्राक्षवाल्यांचं वेगळं काय आहे? डावणीवर कुठलं औषध लागू पडलं, ते सख्खा भाऊ भावाला सांगत नाही. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून मगच ती उकिरड्यावर टाकतात. औषध लागू पडलं नाही, हे तर मेलं तरी नाही सांगायचं. दुसऱ्याची बाग जळाली, की त्याला कळेलच.

युरोपातली मंडळी या दुखण्याला फार आधी टेकली. तिथं वाऱ्याचे लोक, लाटेचे लोक आणि भरतीचे लोक एकाच समुद्रात काम करायचे आणि तीन वेगळ्या परिषदांना जायचे. खरं तर तिघांना लागतं तेच: तळाशी केबल, किनाऱ्यावर बंदर, यंत्र उचलणारं महागडं जहाज, वीज घेणारी वाहिनी आणि मच्छीमारांची संमती. म्हणून २०१० साली युरोपीय संघानं ‘ओरेका’ नावाचा प्रकल्प काढून तिघांना शेजारी बसवलं आणि कुठल्या समुद्रात काय शोभेल, कशावर एकत्र खर्च करायचा याचा आराखडा करून घेतला. तो आराखडा मेगावॅटच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, ज्ञानेश्वरीच्या शेजारी असतो. आईला वाटतं पोथी आहे. गुरुवारी ती त्यालाही हळदकुंकू वाहते. पान सदतीसवर, जिथं जहाजांचा तक्ता आहे, तिथं एक ठसठशीत बोट उमटलंय.

आता आपल्याकडचं सांगतो. कागदावर आपण श्रीमंत आहोत. देशाच्या किनाऱ्यावर लाटांची क्षमता सुमारे ४१,३०० मेगावॅट आणि भरतीची १२,४५५ मेगावॅट, असा अंदाज आहे. हे आकडे मेगावॅटला रामरक्षेसारखे पाठ आहेत आणि तो ते तसेच, अंधारात भीती वाटली की म्हणतो. समुद्रावरच्या वाऱ्याचं राष्ट्रीय धोरण २०१५ साली आलं. खंबायतच्या आखातात वारा मोजायचं यंत्र २०१७ साली बसलं. २०३० पर्यंत ३० हजार मेगावॅट, असं २०१८ साली ठरलं. २०२४ साली केंद्रानं गुजरात आणि तमिळनाडू मिळून १ हजार मेगावॅटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. निविदा निघाल्या, तारखा पुढे गेल्या. हे लिहीपर्यंत भारताच्या समुद्रात विजेची एकही पवनचक्की उभी नाही. दरम्यान आमच्या शेजारच्या वस्तीवर सौर पंप आला. अर्ज भरला, पैसे भरले, पंप आला. ना कार्यशाळा, ना आराखडा. मेगावॅट त्या वस्तीवरून जाताना मान दुसरीकडं करतो.

यात त्याचा दोष नाही. समुद्र एक आणि मालक पुष्कळ. पाण्यावरचा वारा नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा, खालचं पाणी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं, वरून जाणारं जहाज नौवहनाचं, पाणबुडी संरक्षणाची, मासा मत्स्यव्यवसायाचा आणि किनाऱ्यावरची वाळू पर्यावरणाची. समुद्राची ऊर्जा ही नवीकरणीय ऊर्जाच आहे, हे अधिकृतपणे जाहीर व्हायला २०१९ साल उजाडलं. तोवर लाटा कशात मोडत होत्या कोण जाणे. वाऱ्याची राष्ट्रीय संस्था चेन्नईत आहे आणि समुद्र तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही चेन्नईतच. दोन्ही पळ्ळीकरणै भागात, एकाच वेळाचेरी–तांबरम रस्त्यावर. हे मेगावॅटनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर तात्या म्हणाले, “मग तुझं काय काम? एकानं दुसऱ्याकडं चहाला जायचं.”

असा माणूस दुखावला जातो तो बघण्यासारखा असतो. तो चिडत नाही. तो म्हणतो, “हा मुद्दा मी नोंदवून घेतो.”

त्याचं खरं रूप बघायचं तर बैठकीत. एकदा मी त्याच्याबरोबर कोकणात गेलो होतो. राज्य सरकारच्या महाऊर्जेनं लाटांपासून विजेसाठी चांगल्या म्हणून ज्या जागा सांगितल्यात, त्यांत वेंगुर्ला रॉक आहे, मालवण रॉक आहे, रेडी, गिर्ये, पावस, रत्नागिरी. त्यातल्याच एका गावी कार्यशाळा होती. हॉटेल अगदी समुद्राला लागून. पण पडद्यावर चित्रं दिसावीत म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले, त्यामुळे दिवसभर समुद्रावर चर्चा झाली ती समुद्र न बघता. मेगावॅट दारात उभा. एकाला पाणी, दुसऱ्याला चार्जर, तिसऱ्याला “सर, आपलं सत्र पंधरा मिनिटं पुढं.” दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानं त्यांच्या खुर्च्या शेजारी लावल्या आणि मधल्या टेबलावर एकच बिस्किटांची बशी ठेवली. तिसऱ्या बिस्किटाला ते बोलले. असली कला पदवीनं येत नाही. ती लग्नात पंगतीला दोन रुसलेल्या चुलत्यांना एका ओळीत बसवून येते.

जेवणानंतर सगळे पेंगत असताना मागच्या ओळीतला एक मच्छीमार उठला. “तुमचो पंखो हंय उभो ऱ्हवलो,” तो म्हणाला, “तर आमी जाळी खंय मारूची?”

सभागृह जागं झालं. कुणाकडेही उत्तर नव्हतं. अध्यक्षांनी मेगावॅटकडे पाहिलं. मेगावॅटनं चहा आणायला सांगितलं. संध्याकाळी त्यानं जे इतिवृत्त लिहिलं, त्यात वाक्य होतं: “मत्स्यव्यवसाय क्षेत्राचा उत्स्फूर्त सहभाग लाभला.” मी त्याला म्हटलं, अरे, तो भांडत होता. तो म्हणाला, “हो, पण उत्स्फूर्त होतं ना?” मात्र रात्री जेवण झाल्यावर तो मला न सांगता बंदरावर गेला आणि त्या मच्छीमाराशेजारी होडीच्या काठावर बसून (होडी वाळूत होती, हे सांगायला हवं) जाळी कुठल्या महिन्यात कुठं पडतात, ते वहीत उतरवून आला. इतिवृत्तात ते आलं नाही. त्याला रकाना नव्हता.

भरतीचा विषय मात्र त्यानं गावात बरोब्बर पोचवला. आषाढात नाथांची पालखी पैठणहून आणि निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वराहून, दोन्ही करकंबवरून पंढरपूरला जातात. त्या दिवसांत गावात घर उरत नाही, नुसत्या पंगती उरतात. टँकर कुठं लावायचा, कुठली दिंडी कुणाच्या वाड्यात, कुठल्या आळीनं किती भाकरी द्यायच्या, यासाठी मारुतीच्या पारावर बैठक होते. एका वर्षी मेगावॅट तिथं लॅपटॉप घेऊन आला. तक्ता दाखवेपर्यंत बॅटरी संपली आणि पारावर प्लग नव्हता. मग वेळ काढायला त्यानं भरती-ओहोटी सांगितली. वारा लहरी, ऊन ढगाळलं की गेलं, पण भरती चंद्राच्या हुकमात. दहा वर्षांनंतरची भरती आजच सांगता येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. रत्नागिरीला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, पण खंबायतच्या आखातात तोंड रुंद आणि घसा चिंचोळा, म्हणून भावनगरकडं दहा मीटरच्या आसपास.

“म्हंजी पंचांगावर चालणारी लाईट,” गुरव म्हणाला. सगळ्यांना एकदम पटलं. एका म्हातारीनं विचारलं, “मग एकादशीला किती?”

मेगावॅटनं गंभीरपणे डोळे मिटले, अष्टमी आणि पौर्णिमेच्या मध्ये बोटं मोजली आणि सांगितलं, “चढती असती, आज्जी.” म्हातारीनं हात जोडले. सागरी ऊर्जेला इतका बिनशर्त पाठिंबा त्यानंतर कुठल्याही मंत्रालयाकडून मिळालेला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचा डीपी जळाला. नऊ जणांच्या मोटारी त्याच्यावर. पाटाला पाणी नाही, विहिरीत आहे आणि वर काढायला वीज नाही. डाळिंबं तडकायला लागली. डीपी जळाला, की दोन गोष्टी ठरलेल्या: वर्गणी काढायची आणि कुणामुळं जळाला हे कुणी बोलायचं नाही. कारण सगळ्यांनाच माहीत असतं, की कागदावर पाचाची असलेली मोटार प्रत्यक्षात साडेसाताची असते. नऊ जण दोन दिवस एकमेकांच्या बांधावर थुंकत होते.

मेगावॅट तेव्हा गावातच होता. त्यानं काही केलं नाही. म्हणजे नेहमीचंच केलं. सगळ्यांना तात्यांच्या शेडमध्ये संध्याकाळी बोलावलं, चहा सांगितला आणि सगळ्यात भांडखोर दोघांना एका बाजेवर बसवलं. मग म्हणाला, “मोडलं कशानं ते आधी सांगायचं. कुणी केलं ते विचारायचं नाही. मी लिहून घेणार नाही.” आणि खरोखरच त्यानं वही मिटून मांडीखाली घातली. त्याला ओळखणाऱ्या माणसाला त्यात काय त्याग आहे ते कळेल.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्या खाकरले. “माझी दहाची हाय,” ते म्हणाले. “गेल्या पाडव्यापासनं.”

शेड एकदम हलकी झाली. “माझी साडेसाताची.” “माझी बी.” “माझी पाचाची हाय, पण दोन हायेत.” एकानं आकडा टाकल्याचं सांगितलं आणि त्याचं त्यालाच इतकं बरं वाटलं, की त्यानं सगळ्यांना पुन्हा चहा सांगितला. बेरीज झाली. डीपी जळला नसता तरच नवल होतं. मग कुणी किती भार मंजूर करून घ्यायचा, तोवर कुणी कुठल्या रात्री मोटार लावायची, वर्गणी कुणाची जास्त, सगळं जेवणवेळेच्या आत ठरलं. पुढच्या आठवड्यात मोठ्या भाराचा डीपी आला.

मी त्याला म्हटलं, गड्या, हा तुझा सगळ्यात यशस्वी प्रकल्प. हे लिही कुठंतरी. त्यानं मान हलवली. “नाही रे. याला निष्कर्ष अहवाल नाही, वितरण आराखडा नाही. आणि भागीदार सगळे एकाच गावचे.”

परवा तो पुन्हा निघाला होता. नवा प्रकल्प मिळालाय, तीन वर्षांचा. समुद्री ऊर्जेत समन्वयाचे जे निरनिराळे प्रकल्प आहेत, त्यांच्यात समन्वय करायचा. खांद्याला बॅग, गळ्यात आत्ताच पट्टी. एसटीची वाट बघत स्टँडवर उभा असताना तात्या आले. रात्रभर बागेला पाणी देऊन डोळे लाल.

“मेगावॅट,” तात्या म्हणाले, “तुझ्या शबुदाला लई मान हाय आता. डीपीचं केलंस. तेवढं रात्रीचं थ्री फेज दिवसा करून दे. बाकी कायबी नगं.”

मेगावॅटनं आधी एसटी आली का ते पाहिलं, मग तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“ते जमिनीवरचं आहे, तात्या,” तो म्हणाला. “माझ्याकडं फक्त समुद्र आहे.”